कुडात खोचलेला दर्याचा काटा

जव्हारला समुद्र नाही. हे कुणाला सांगायला नको, पण माझ्या नोकरीतली सगळी गंमत आणि सगळी पंचाईत या एका वाक्यात आहे. मी इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि माझा स्वतःचा अभ्यासाचा विषय होता सी अर्चिन. म्हणजे समुद्राच्या तळाशी, खडकाच्या कपारीत राहणारा काटेरी गोळा. बाजारपेठेत आमचं किराणा दुकान आहे. ते चालवणारा माझा थोरला भाऊ मला म्हणायचा, "अगं, इथे डोंगरात बसून दर्यातल्या काट्यांचा अभ्यास करतेस, त्यापेक्षा आपल्याकडच्या करवंदीच्या काट्यांचा केला असतास तर गुरं चारणाऱ्या पोरांचे आशीर्वाद तरी मिळाले असते." गावात माझं नाव 'काट्यांच्या बाई' पडलं होतं. विद्यार्थी मागे म्हणायचे आणि दुकानदार तोंडावर. मला त्याचा राग आला नाही. माणूस ज्याच्या मागे लागतो त्याचंच नाव त्याला चिकटतं.

ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. संत्र्याएवढा किंवा लहान मोसंब्याएवढा गोळा, त्याला सगळीकडून काटे. डोकं नाही, शेपूट नाही, डोळे नाहीत. तोंड खालच्या बाजूला आणि त्यात पाच दात. त्या दातांनी तो खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. मेला की काटे गळून पडतात आणि उरते एक पोकळ, नक्षीदार करवंटी. तिच्यावर ओळीने बारीक बारीक गाठी असतात. जिवंतपणी प्रत्येक काटा अशा एका गाठीवर बसलेला असतो, खुंटीवर टोपी ठेवावी तसा, त्यामुळे तो चहूबाजूंनी वळतो.

आता या काटेरी गोळ्यांच्या जाती पुष्कळ, आणि नवख्याला सगळे सारखेच दिसतात. वर्गात मी त्यांना माझी घरगुती नावं ठेवली होती, कारण लॅटिन नावं फळ्यावर लिहिली की मागच्या बाकावरच्यांना झोप यायची. दोन काळे चुलतभाऊ मुलांना नेहमी गोंधळात टाकत. एक लांबकाट्या. त्याचे काटे विणायच्या सुईसारखे लांब, बारीक आणि आतून पोकळ. दुसरा जाडकाट्या. त्याचे काटे आखूड, दणकट आणि आतून भरीव. काटे असतात तोवर हे सोपं आहे. नुसती करवंटी हातात आली की खरी परीक्षा. मग भिंग घ्यायचं आणि गाठीचं टोक बघायचं. लांबकाट्याच्या गाठीच्या टोकाला सुईने टोचल्यासारखं भोक असतं. जाडकाट्याची गाठ गुळगुळीत, भोक नाही. करवंटी बोटाने वाजवली तरी कळतं. लांबकाट्याची पातळ, जाडकाट्याची जड.

पण नुसतं अंग बघून भागत नाही. माझा वर्गातला दुसरा प्रश्न कायम ठरलेला असे, "कुठे सापडलं?" लांबकाट्याला निवळ, शांत पाणी लागतं, प्रवाळ असले तर उत्तमच. जाडकाट्या अगदी उलटा. जिथे लाटा आपटून फुटतात, त्याच कातळात तो खळगा करून बसतो. आपल्या डहाणूच्या गढूळ, गाळाच्या पाण्यात मुलांना घेऊन मी कितीदा गेले, पण लांबकाट्या तिथे एकदाही दिसला नाही. मुलं मात्र खूश असायची. सूर्यमाळ, वावर अशा डोंगरातल्या गावांची ही पोरं पहिल्यांदाच समुद्र बघत असत. मी ओरडून ओरडून खडकातली जनावरं दाखवायची आणि ती पँट वर करून लाटा मोजत उभी राहायची.

बाजारातल्या लोकांना माझ्या विद्येचा उपयोग क्वचितच झाला. एकदा पेठेतले एक कापडवाले देवदर्शनाहून परतले ते रुमालात गुंडाळलेली एक चपटी पांढरी चकती घेऊन. तिच्यावर पाच पाकळ्यांचं फूल उमटलेलं. देवाच्या पावलाखाली सापडणारा दुर्मीळ दगड म्हणून कुणीतरी तो त्यांच्या गळ्यात मारला होता. मी म्हटलं, "शेठ, हा दगड नाही. वाळूत राहणारा माझ्याच काटेवाल्यांचा भाऊबंद आहे. मेलेला." त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मग देवघरात ठेवू की नको?" मी म्हटलं, "ठेवा की. फूल तर खरंच आहे. फक्त आधी स्वच्छ धुऊन वाळवा, नाहीतर वास मारेल." अजून आहे तो त्यांच्या देवघरात. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहतात.

असल्या गमतीतच नोकरी संपली आणि मी निवृत्त झाले. आपल्या विषयाची गरज कुणाला तरी एकदा खरंच पडावी, असं वाटायचं. पण ती पडली ती अशा रीतीने की पुन्हा कुणाला न पडली तर बरं.

शिमग्याचे दिवस होते. कामासाठी बाहेर गेलेली माणसं गावाकडे परतलेली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन आला. नवे, तरुण, साताऱ्याकडचे. आमची ओळख नव्हती. म्हणाले, "मॅडम, आमच्या सिस्टर तुमच्या विद्यार्थिनी आहेत. त्या म्हणतात, समुद्रातल्या काट्यांचं तुम्हालाच विचारा. एक पेशंट आहे. जरा येऊन जाल?"

पेशंट म्हणजे जानू. सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावरचा, तिशीतला, अंगाने काटक. घरची जमीन नाही. भातलावणी संपली की मजुरीला बाहेर पडायचं, हे बापापासून चालत आलेलं. रत्नागिरीकडच्या एका मच्छीमार बोटीवर तो खलाशी होता. बोट मालवणपर्यंत उतरायची. जाळ्याची दोरी कातळात अडकली ती सोडवायला तो उतरला, लाटेने ढकललं, तोल सावरायला हात टेकला आणि उजव्या अंगठ्यात काटा घुसला. तसाच तो काम करत राहिला आणि सणाला घरी आला तेव्हा अंगठा केळ्याएवढा झाला होता.

अंगठा बघून मी हादरले. सुजलेला होताच, पण वरची कातडी काळी ठिक्कर पडून फोडांनी भरली होती. डॉक्टर हळूच म्हणाले, "मला आधी वाटलं, बोट सडतंय. विषारी काटा असेल का?"

बाजूला जानूची आई बसली होती. येसूमावशी. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाय, तो काला रंग दर्याचा नाय. मी बिबा लावला व्हता. काटा गेला का बिबाच लावाया लागतं. तापवून लावला."

पायात काटा मोडला की तापवलेल्या बिब्ब्याचं तेल लावायचं, हे आमच्या डोंगरात घरोघरी चालतं. तळपायाच्या जाड कातडीला ते सोसतं. अंगठ्याच्या नाजूक कातडीला मात्र ते भाजून काढतं. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि सिस्टरना फोडांच्या मलमाचं सांगितलं. म्हणजे काळ्या रंगाचा उलगडा झाला. पण मुख्य प्रश्न राहिलाच होता.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. अंगठ्याच्या सांध्याजवळ एक फिकट रेघ होती. काट्याचा तुकडा आत होता. ते म्हणाले, "माझ्यासमोर दोन वाटा आहेत. नाशिकला पाठवून सांधा उघडायचा आणि तुकडा काढायचा. नाहीतर काही न करता वाट बघायची. मी वाचलंय की काही जातींचे काटे आतल्या आत विरघळून जातात, आणि त्यांना काढायला गेलं तर चुरा होऊन जास्त नुकसान होतं. काही जातींचे विरघळत नाहीत, आणि ते सांध्यात राहिले तर अंगठा कायमचा आखडतो. मला एवढंच सांगा, हा कुठल्या जातीचा?"

जानूने अंगठा पुढे केला. तो म्हणाला, "मॅडम, अंगठा नाय वलला तं दोरी कशी धरू? मना बोटीव कोन घेल?" आवाजात रडं नव्हतं. तो सरळ विचारत होता. उजव्या हाताचा अंगठा म्हणजे त्याचं सगळं घर होतं, आई, बायको आणि लहान मुलगी. हे तिथे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "मी डॉक्टर नाही. पण जात ओळखता येते का, ते बघते. त्या जनावराचं काही आहे का तुझ्याकडे?"

येसूमावशींनी पिशवीतून फडक्यात बांधलेली एक करवंटी काढली. पोरीला खेळायला म्हणून जानूने आणलेली. मी पर्समधून भिंग काढलं. निवृत्त झाले तरी ते पर्समध्ये असतंच, भाऊ म्हणतो की घराची किल्ली विसरेल पण भिंग नाही. करवंटी पातळ होती. गाठी पाहिल्या. टोकाला सुईचं भोक, अगदी स्पष्ट. लांबकाट्या! पोकळ काटे, आत विरघळणारे. कापायची गरज नाही. सांगते, मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ टाळीच वाजवली. डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनाही तेच उत्तर हवं होतं. कारण नाशिकला पाठवायचं म्हणजे गाडी, सोबत, खोळंबा आणि एका गरीब माणसाचा सांधा उघडण्याची जोखीम.

पण सवय ती सवय. उत्तर देण्याआधी माझ्या तोंडून वर्गातला तो दुसरा प्रश्न गेला. "जानू, हे कुठे सापडलं? हात टेकलास त्याच कातळावर?"

"नाय वं मॅडम," जानू म्हणाला. "हां तं दुसऱ्या जाग्याव गावला. बोटीचा इंजिन बिघडला व्हता नं, तवा बेटाच्या आडोशाला थांबलेलो. तठं पानी निवल, खालचा समदा दिसत व्हता. पोरीला आवडंल म्हनून उचलला."

"आणि काटा लागला तो कातळ?"

"तठं कय निवल? तठं तं लाटा फुटत व्हत्या. पानी समदा पांढरा. कातलाला काले काले खलगे पडलेले."

मी करवंटी खाली ठेवली. खळगे, फुटणाऱ्या लाटा. ते घर लांबकाट्याचं नव्हे. ते जाडकाट्याचं. हातात होतं एका भावाचं हाड आणि अंगठ्यात बहुधा दुसऱ्या भावाचा काटा. डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडे चिडलेच. "बहुधा म्हणजे? मी बहुधावर कुणाचा सांधा कसा उघडू मॅडम? आणि बहुधावर वाट तरी कशी बघू?" त्यांचं चुकत नव्हतं. माणूस सांगतो तो कातळ मी पाहिलेला नाही. लाटांच्या जागीही कपारीत कधी दुसरी जात असू शकते. खात्री करायची तर काटाच हवा होता, आणि काटा होता सांध्यात.

"काटा पुरा नाय आत," येसूमावशी मध्येच म्हणाल्या. "वरचा मोडका मी सुईनं काढला ना. शिमग्याच्या आदल्या दिसाला."

"कुठे टाकलात?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी काहीतरी असभ्य बोलले होते. "टाकील कशाला? काढलेला काटा वाटंव टाकाया नाय. दुसऱ्याच्या पायात जातं. कुडात खोचला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि येसूमावशी शेअर जीपने मोखाड्याला गेलो, तिथून दुसऱ्या जीपने सूर्यमाळच्या बाजूला, आणि पुढे पायी. पाड्यावर पोचलो तेव्हा घामाने भिजले होते. जानूच्या बायकोने तांब्याभर पाणी पुढे केलं. विहीर आटत आली की तिथल्या बायकांना पाण्यासाठी कुठवर उतरावं लागतं हे मला माहीत होतं, म्हणून मी अर्धंच प्यायले. ती म्हणाली, "पिवा की बाय, पानी काय इकत नाय आनलं." मग उरलेलंही प्यायले. नको म्हणण्यात तिचा अपमान होता.

घराच्या भिंती कारवीच्या, शेणाने लिंपलेल्या. यालाच कूड म्हणतात. दाराच्या आतल्या बाजूला, डोक्याच्या उंचीवर, मावशींनी बोट दाखवलं. मी बघतच राहिले. तिथे एकच काटा नव्हता. तिथे सगळ्या घराच्या पायांचे काटे होते. बाभळीचे, बोरीचे, करवंदीचे, बांबूच्या बारीक शिलका, काही इतके जुने की शेणाच्या लिंपणात अर्धे बुडालेले. मावशींचे, मुलाचे, सुनेचे, गेलेल्या नवऱ्याचेही असतील. आणि त्यांत कुठेतरी दर्याचा एक तुकडा.

"यातला कुठला?" मी विचारलं.

मावशी जवळ गेल्या, डोळे बारीक केले, एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. "अठंच खोचला व्हता. आता डोल्यांनी नाय दिसं." त्या खजील झाल्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही ठेवलात हेच खूप झालं. आता माझं काम."

मी एकेक काटा काढून, दाराशी उजेडात नेऊन, भिंगाखाली बघू लागले. झाडाचा काटा मोडला की टोकाला तंतू निघतात, चिरलेल्या सरपणासारखे. सी अर्चिनचा काटा मोडला की मोडलेली बाजू खडीसाखरेच्या खड्यासारखी चमकते. एवढ्या एका खुणेवर मी विसंबून होते. मावशी मी बघितलेला प्रत्येक काटा परत आपल्या जागी खोचत होत्या. आमची ही कसरत बघायला शेजारच्या बायका जमल्या. एक म्हणाली, "बाय काट्यांची परीक्षा घेतंय." सगळ्या हसल्या. मीही हसले.

बरेच काटे झाल्यावर एक काळपट तुकडा हाती आला, तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब. उन्हात वळवला तशी मोडकी बाजू लखकन चमकली. मी भिंग जवळ धरलं. मध्ये भोक असतं तर तो लांबकाट्या. भोक नव्हतं. आरपार भरीव. दुसरं टोक बघितलं, तेही भरीव. जाडकाट्या. तरी भिंगावर विसंबायचं नाही म्हणून जव्हारला परतल्यावर कॉलेजात गेले, माझ्या जागी आलेल्या तरुण मॅडमकडून सूक्ष्मदर्शक मागून घेतला आणि पुन्हा पाहिलं. मग डॉक्टरांना फोन केला. "भरीव आहे. माझ्या माहितीप्रमाणे हा आपणहून विरघळायचा नाही. पुढचं तुम्ही ठरवा."

ते म्हणाले, "ठरलं."

नाशिकला जानूचा सांधा उघडला आणि तुकडा अख्खा निघाला. तिथल्या सर्जननी आमच्या डॉक्टरांना सांगितलं, अजून उशीर झाला असता तर अंगठा गेलाच असता. तुटला नसता, पण वळलाही नसता. मी त्या रात्री शांत झोपले. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मुलांना डहाणूच्या खडकांवरून फिरवलं, भोक आणि गाठ घोकून घेतलं, ते एका माणसाच्या हाताला कामी आलं. भावाला मी हे जेवताना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "कळलं गं. आता भाजी वाढ."

श्रावणात जानू घरी आला. काकड्या आणि रानभाज्यांची जुडी घेऊन. अंगठा मिटून उघडून दाखवला. टाक्यांची जखम भरली होती. नारळी पौर्णिमेला बोटी पुन्हा समुद्रात उतरणार होत्या आणि त्याला निरोप आला होता.

मी त्याला बसवलं. चहा दिला आणि माझी शिकवणी सुरू केली. माझ्याकडच्या करवंट्या समोर मांडल्या. जिथे पाणी पांढरं होऊन फुटतं, कातळाला काळे खळगे असतात, तिथे हात टेकायचा नाही. निवळ पाण्यात खाली काळा लांब काट्यांचा गोळा दिसला तर पाय ठेवायचा नाही. वाळूतला चपटा निरुपद्रवी. जानू मन लावून ऐकत होता. त्याने विचारलं की ओहोटीला जाडकाट्या खळग्यातून बाहेर येतो का, आणि दोघं कधी एका कातळावर भेटतात का. असे प्रश्न वर्गात मला फार थोड्या मुलांनी विचारले. मी खुलून उत्तरं दिली.

मग त्याने कप खाली ठेवला. "समजला मॅडम. पन तांडेल हाय ना, बोटीचा मोठा मानूस, तो बोलतं तठं उतराया लागतं. दोरी अडकली का तो बोलंल, 'जानू, उतर.' तवा मी त्याला काय सांगू? हां कातल नको, दुसरा बघ?"

कुठल्या कातळावर कोण राहतं हे मी आयुष्यभर शिकले. कातळ निवडण्याचा हक्क ज्याला नाही, त्याला त्याचा काय उपयोग, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि ते लपवायला मी उठून आतून पुडकं आणलं. त्याच्यासाठी मी पेठेतून जाड रबरी हातमोजे घेऊन ठेवले होते.

त्याने ते घातले, हात वळवून बघितले, आवडले असावेत. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती. त्याने ती धरली आणि जाळं ओढतात तशी जोर लावून ओढली. दोरी पावसाने ओली होती. मोजा सरकला. त्याने पुन्हा धरली, पुन्हा सरकला. मग त्याने मोजे काढले, नीट घडी करून पिशवीत ठेवले आणि म्हणाला, "पोरीच्या आयला देतंव. कुंपनाच्या काट्या तोडाया बेस हायेत."

मला नमस्कार करून तो दुपारच्या जीपने गेला. पौर्णिमेला बोटीवर चढला. उघड्या हातांनीच.